गप्प बसवण्याचा इतिहास

प्रोग्रॅममधून आवाज वाजवायचा कसा, हे प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक पुस्तकांत छान रंगवून सांगितलेलं असतं. वाजणारा आवाज मध्येच थांबवायचा कसा, हे मात्र पुढच्या पानावर एका ओळीत उरकलेलं असतं. जणू काही ते ओघाने आलंच! प्रत्यक्षात उलटं आहे, मंडळी. वाजवणं हे तसं सोपं काम. थांबवणं हेच खरं दुखणं आहे, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत ते दुखणं दर पिढीच्या यंत्रांबरोबर नवं रूप घेऊन आलेलं आहे. ह्या वीकांताला त्याच दुखण्याचा थोडा इतिहास सांगतो. शेवटी तो कुठे पोचतो ते बघा, कारण मला स्वतःला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो भाग शेवटीच आहे.

सुरुवात ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीपासून करू. ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर आणि डब्यात बसवलेला एक छोटासा स्पीकर. आवाजाचं काम ८२५३ नावाच्या टायमर चिपकडे होतं. ह्या चिपमध्ये तीन काउंटर: पहिला सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिक करून घड्याळ चालवायचा, दुसरा मेमरी ताजी ठेवण्यासाठी, आणि तिसरा स्पीकरसाठी. चिपला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळायचे. तुम्हाला ४४० हर्ट्झचा सूर हवा असेल तर ह्या आकड्याला ४४० ने भागायचं, येणारी २७१२ ही संख्या तिसऱ्या काउंटरमध्ये भरायची, आणि ९७ क्रमांकाच्या पोर्टावरचे खालचे दोन बिट चालू करायचे. झालं काम. सूर वाजू लागला.

आता गंमत बघा. एकदा सूर सुरू झाला की प्रोसेसरचं काम संपलं. टायमर आपला आपण वाजवत राहतो. थांबवायचं तर तेच दोन बिट शून्य करायचे, आणि आवाज त्या क्षणी बंद. थांबवणं इतकं तत्काळ पुढे फारसं कधी राहिलं नाही! पण कोणी ते बिट शून्य केलेच नाहीत तर? टर्बो सी वर शिकलेल्यांना हे सांगायला नको. साउंड, डिले, नोसाउंड ही तीन फंक्शनं ओळीने लिहायची. नोसाउंड राहिलं की प्रोग्रॅम संपून डॉसचा प्रॉम्प्ट आला तरी पीसी किंचाळतच राही. ज्याने आवाज सुरू केला तो निघून गेला, आणि थांबवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ती अवस्था.

दुसरी अडचण मधल्या ‘डिले’ची. पाचशे मिलिसेकंद थांब म्हटलं की प्रोग्रॅम तेवढा वेळ बहिरा. तुम्ही एस्केप दाबा नाहीतर कीबोर्ड बडवा, प्रोग्रॅम बघणारच नाही. दाबलेल्या कळा बायोसच्या पंधरा कळांच्या छोट्याशा बफरमध्ये साचत राहायच्या, आणि तो भरला की बायोस स्वतःच वर एक बीप करून तक्रार करायचा. म्हणजे गप्प बसवायला गेलात तर आणखी एक आवाज :-)

ह्यावर बेसिक भाषेने काढलेला उपाय मला अजूनही आवडतो. प्ले ह्या आज्ञेत सुरांच्या ओळीबरोबर दोन अक्षरं देता यायची: एमएफ म्हटलं तर प्रोग्रॅम सूर संपेपर्यंत थांबणार, आणि एमबी म्हटलं तर संगीत मागे वाजत राहणार नि प्रोग्रॅम पुढे सरकणार. मागे वाजणाऱ्या संगीतासाठी ३२ सुरांची रांग होती. रांगेतले सूर ठरावीक संख्येखाली गेले की अमुक सबरुटीनकडे जा, असंही सांगता यायचं. थांबवायला साउंड ह्या आज्ञेला शून्य कालावधी दिला की चालू सूर बंद. आज आपण ज्याला कॉलबॅक म्हणतो, रांग म्हणतो, असिंक्रोनस म्हणतो, ते सगळं ह्या इटुकल्या बेसिकमध्ये होतं.

इथपर्यंत आवाज म्हणजे निव्वळ सूर. खरा बदल झाला १९८९ मध्ये, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं तेव्हा. सिम वाँग हू ह्या माणसाने उभी केलेली ही कंपनी (ते २०२३ च्या जानेवारीत वारले). ह्या कार्डावर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवता यायचा, म्हणजे सेकंदाला हजारो आकडे कार्डाला पुरवत राहणं आलं. ते काम प्रोसेसरने स्वतः करायचं म्हटलं तर दुसरं काही जमायचंच नाही. म्हणून डीएमए नावाची सोय वापरली जायची. प्रोसेसर मेमरीत आकड्यांचा एक साठा भरून ठेवतो, आणि डीएमए कंट्रोलर त्यातला एकेक आकडा परस्पर कार्डाकडे पोचवतो.

हा साठा म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. खालून येणारं पाणी थांबलं तरी नळ चालूच राहतो, टाकी रिकामी होईपर्यंत. आवाजाचंही तेच. तुमच्या प्रोग्रॅमने आकडे पुरवणं बंद केलं म्हणजे आवाज बंद झाला असं नाही. टाकीत आहे तेवढं वाजणारच. मोनो, ८ बिट, सेकंदाला ११,०२५ आकडे असा हिशोब धरला तर ६४ किलोबाइटची टाकी जवळजवळ ६ सेकंद पुरते. तीच टाकी सीडीच्या दर्जाला, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात तिथे, ०.३७ सेकंद. पहिल्या उदाहरणात थांबवण्याची कळ दाबल्यावर सहा सेकंद आवाज चालू राहिला तर कळ बिघडली आहे असंच कोणालाही वाटेल.

टाकी रिकामी होण्याआधी भरायची कशी, ह्याचं उत्तर म्हणजे इंटरप्ट. साठ्याचे दोन भाग करायचे. पहिला भाग संपला की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे ‘हातातलं काम टाक आणि इकडे बघ’ असं सांगतं. प्रोसेसर तो भाग भरेपर्यंत दुसरा भाग वाजत असतो. मला ह्या शब्दाची मोठी मौज वाटते. संगीतात व्यत्यय येऊ नये म्हणून प्रोसेसरच्या कामात सेकंदाला अनेकदा व्यत्यय आणायचा! आणि ऐकणाऱ्याला व्यत्यय आणावासा वाटला तर? तो मात्र ह्या सगळ्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला.

साउंड ब्लास्टरच्या पुढच्या आवृत्तीत हे चक्र आपोआप फिरत ठेवायची सोय आली, आणि तिच्याबरोबर थांबवण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा वापरात आल्या. एक होती तिथल्या तिथे रोखणारी, जिच्यानंतर वेगळी आज्ञा देऊन तिथूनच पुढे चालू करता यायचं. दुसरी म्हणायची, चालू भाग पुरा वाजव आणि मग चक्रातून बाहेर पड. म्हणजे ‘थांब’ ह्या एका शब्दाचे अर्थ एकाहून जास्त आहेत हे हार्डवेअरने तेव्हाच मान्य केलं होतं.

खरं तर अर्थ तीन आहेत. पहिला: आत्ताच थांब आणि उरलेलं फेकून दे. दुसरा: आत्ताच थांब, पण जागा लक्षात ठेव, मी परत येणार आहे. तिसरा: नवीन काही घेऊ नकोस, हातातलं संपव आणि मग थांब. घरात मूल मोठ्याने धडा वाचत असेल तर त्याला आपण ‘गप्प’, ‘एक मिनिट थांब’ आणि ‘एवढं वाक्य संपव’ असं तीन प्रकारे सांगतो, आणि त्याला फरक बरोबर कळतो. काँप्युटरला तो वेगळा सांगावा लागतो, आणि बहुतेक भानगडी एकाऐवजी दुसरं सांगितल्यामुळे होतात.

विंडोजकडे येऊ. १९९१ मध्ये विंडोज ३.० साठी मल्टिमीडियाची जोडणी आली आणि १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती मूळ प्रणालीतच आली. सर्वात सोप्या फंक्शनला फाइलचं नाव द्यायचं. वाजून होईपर्यंत थांबायचं की मागे वाजू द्यायचं ते एका खुणेने सांगायचं. आणि फाइलच्या जागी काहीच दिलं नाही, म्हणजे नल दिला, की वाजणारं बंद. ‘काहीच वाजवू नकोस’ हीच थांबवण्याची आज्ञा. कल्पना मजेदार आहे.

ज्यांना जास्त ताबा हवा त्यांच्यासाठी वेव्हआउट नावाची फंक्शनं होती. इथे तुम्ही साठ्यांची रांग लावायची आणि एकेक वाजून झाला की विंडोज तुम्हाला कॉलबॅकने कळवणार. थांबवायला वेव्हआउटरीसेट: वाजणं बंद, रांगेतले सगळे साठे ‘झाले’ असा शिक्का मारून परत. आणि इथेच ती प्रसिद्ध गाठ बसायची. समजा तुमच्या मुख्य थ्रेडने एक कुलूप लावून रीसेट बोलावलं. रीसेट प्रत्येक साठ्यासाठी कॉलबॅक पाठवणार आणि ते पूर्ण होण्याची वाट बघणार. कॉलबॅकला तेच कुलूप हवं आहे. झालं! दोघंही ‘पहले आप, पहले आप’ करत जागच्या जागी उभे, आणि प्रोग्रॅम गोठला. मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकातच सूचना आहे की कॉलबॅकमधून वेव्हची इतर फंक्शनं बोलावू नका, डेडलॉक होईल. वाजवताना ही गाठ सहसा दिसत नाही, म्हणून चाचणीत सगळं आलबेल असतं. ग्राहक ‘थांबवा’ दाबतो तेव्हाच ती बसते.

लिनक्सवर हन्नू साव्होलाइनेन ह्या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने १९९२ मध्ये साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर लिहिला, त्यातून पुढे ओएसएस झालं. त्यात सिंक म्हणजे ‘संपेपर्यंत थांबतो’ आणि रीसेट म्हणजे ‘आत्ताच बंद’. १९९८ मध्ये यारोस्लाव कायसेला ह्यांनी सुरू केलेल्या अल्सामध्ये तर नावंच बोलकी आहेत: ड्रेन म्हणजे टाकीतलं पाणी वाहून जाऊ दे, ड्रॉप म्हणजे ओतून टाक, आणि पॉझ वेगळा. त्यातही ग्यानबाची मेख अशी की पॉझ प्रत्येक हार्डवेअरला जमतोच असं नाही, आधी विचारून घ्यावं लागतं.

जावाचीही तीच कथा. २००० साली आलेल्या जावा १.३ मधल्या आवाजाच्या लायब्ररीत स्टॉप, फ्लश आणि ड्रेन अशी तीन वेगळी फंक्शनं आहेत. नुसतं स्टॉप केलं तर टाकीतलं पाणी तसंच राहतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर आधीच्या गाण्याचा तुकडा भुतासारखा आधी वाजतो. नवीन गाणं लावायचं असेल तर स्टॉपनंतर फ्लश हवंच. आणखी एक बारकावा म्हणजे आकडे लिहिणारा थ्रेड टाकी भरलेली असली की अडकून बसतो. त्याला बाहेर काढायला त्या लाइनवर स्टॉप किंवा फ्लश करावं लागतं, मग तो ‘इतकेच बाइट लिहिले’ असं सांगून परत येतो. थ्रेडचा गळा आवळायची पद्धत, म्हणजे थ्रेडचं स्वतःचं स्टॉप हे फंक्शन, जावाने १९९८ मध्येच वापरू नका म्हणून जाहीर केलं होतं. बरोबरच आहे. हातात कुलूप घेऊन मेलेला थ्रेड ते कुलूप कुठल्या अवस्थेत सोडून गेला ते कोणाला कळणार?

मग टाकी लहान का ठेवू नये? लहान टाकी म्हणजे ती वारंवार भरावी लागते. प्रोसेसरला सारखं उठवायचं, बॅटरी खायची, आणि जरा उशीर झाला की आवाज तुटणार. मोठी टाकी म्हणजे निवांतपणा, पण थांबायला उशीर. पल्सऑडिओने २००८ च्या सुमारास ह्यावर एक हुशार तोड काढली. टाकी मोठीच ठेवायची, पण कोणी ‘थांब’ म्हटलं की टाकीत मागे जाऊन अजून न वाजलेला भाग खोडून पुन्हा लिहायचा. ऐकायला सोपं, करायला महाकठीण, कारण हार्डवेअर त्या क्षणी नेमकं कुठपर्यंत वाचत आलंय ते अचूक माहीत हवं.

आणि तत्काळ थांबलात तरी एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो तो वेगळाच. आवाजाची लाट उंच असताना एकदम शून्यावर आणली की ती उडी म्हणजे स्वतःच एक आवाज. म्हणून चांगले प्रोग्रॅम शेवटच्या ५-१० मिलिसेकंदांत आवाज उतरवत नेतात. कानाला ते कळत नाही, पण टक् जातो. थोडक्यात, नीट थांबण्यासाठी थोडं आणखी वाजवावं लागतं!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाणं अर्धा सेकंद उशिरा थांबलं तर कोणाचं काय बिघडतं? खरंय, फारसं नाही. पण एक माणूस असा आहे की ज्याचं सगळंच बिघडतं. तो म्हणजे काँप्युटर कानाने वाचणारा अंध माणूस.

डोळस माणूस पान वाचतो तेव्हा पान स्थिर असतं आणि नजर फिरते. नको असलेली ओळ आपण न कळत ओलांडतो. कानाने वाचताना नेमकं उलटं होतं. ऐकणारा जागेवर आणि मजकूर वाहत असतो. नको ते ओलांडण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे आवाज तोडणं. दर ओळीला, दर मेन्यूला, दिवसातून हजारो वेळा. त्याच्यासाठी ‘थांब’ ही कळ म्हणजे नजर हलवणं आहे. मिनिटाला ३०० शब्दांचा वेग धरला तर सेकंदाला ५ शब्द होतात. ती ०.३७ सेकंदांची टाकी मध्ये असेल तर प्रत्येक वेळी जवळजवळ दोन शब्द नको असलेले ऐकावे लागणार. आपण पान उलटल्यावर दर वेळी आधीच्या पानाचे दोन शब्द डोळ्यांसमोर तरंगत राहिले तर कसं वाटेल, विचार करा.

हे ज्यांनी आतून ओळखलं त्यांतला एक माणूस आपल्या पुण्यात वाढलेला आहे. टी. व्ही. रामन. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, वाडिया कॉलेजातून गणितात बी. ए. केलं, पुढे आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ मध्ये त्यांनी पीएचडीसाठी ॲस्टर नावाची प्रणाली बांधली, जी गणिताची समीकरणं असलेला मजकूर बोलून दाखवते (नाव त्यांच्या वाटाड्या कुत्रीचं!). लांबलचक समीकरण सलग वाचून दाखवलं तर कोणाच्याच डोक्यात राहणार नाही. म्हणून ॲस्टरमध्ये ऐकणारा मध्येच तोडू शकतो, समीकरणाच्या एखाद्या फांदीवर जाऊ शकतो, तोच भाग वेगळ्या पद्धतीने पुन्हा ऐकू शकतो. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्सस्पीक लोकांसाठी खुलं केलं. त्यात बोलणाऱ्या भागाशी चालणारा संवाद अगदी आटोपशीर आहे: एक आज्ञा मजकूर रांगेत लावायची, एक रांग बोलायला सोडायची, आणि एक आहे ते टाकून तत्काळ गप्प व्हायची. थांबवणं हे तिथे मूळ शब्दसंग्रहातच आहे, मागाहून लावलेलं ठिगळ नाही.

टेड हेंटर ह्यांची गोष्टही अशीच. मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घेणारा हा माणूस १९७८ मधल्या अपघातात दृष्टी गमावून बसला, १९८७ मध्ये बिल जॉइस ह्यांच्याबरोबर कंपनी काढली आणि १९८९ मध्ये डॉससाठी जॉज हा स्क्रीन रीडर आणला. जॉजमध्ये बोलणं तोडायला कंट्रोलची कळ. ती एकटी दाबली तर बहुतेक प्रोग्रॅम काहीच करत नाहीत, म्हणून ह्या कामाला उत्तम. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन ह्यांनी एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर सुरू केला, त्यातही कंट्रोल म्हणजे गप्प, आणि शिफ्ट म्हणजे थांब, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे. बघा, आपले पहिले दोन अर्थ दोन स्वतंत्र कळांवर!

अशा माणसासमोर एखादं वेबपेज उघडताक्षणी गाणं वाजू लागलं तर काय होतं? स्क्रीन रीडरचा आवाज त्याखाली दबतो. ‘बंद करा’चं बटण शोधायला जो आवाज हवा तोच ऐकू येत नाही. आपल्याला ते गाणं नुसतं वैताग देतं, त्याला ते दार बंद करतं. म्हणूनच डिसेंबर २००८ मध्ये जाहीर झालेल्या वेब सुलभतेच्या नियमावलीत स्पष्ट कलम आहे: आपोआप वाजणारा आवाज ३ सेकंदांहून जास्त चालणार असेल तर तो थांबवण्याची, किंवा त्याची पातळी स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय द्यायलाच हवी. आपोआप वाजणाऱ्या आवाजाला क्रोमने २०१८ मध्ये ६६ व्या आवृत्तीत लगाम घातला, म्हणजे नियमानंतर सुमारे दहा वर्षांनी.

ब्राउझरमधली एक गंमत सांगायची राहिली. एचटीएमएलच्या ऑडिओ घटकाला प्ले आहे, पॉझ आहे, पण स्टॉप नाहीच. पॉझ करून वेळ शून्यावर न्यायची, तोच स्टॉप. आणि प्ले म्हटल्यावर फाइल यायला वेळ लागतो, तेवढ्यात पॉझ म्हटलं तर ‘वाजवण्याची विनंती पॉझमुळे तुटली’ अशी त्रुटी मिळते. म्हणजे वाजायच्या आधीच थांबवण्याचा हा चौथाच प्रकार.

फोनवर मात्र हा विचार बराच आधीपासून होता. अँड्रॉइड २.२ मध्ये, २०१० साली, ऑडिओ फोकस आला. प्रत्येक ॲपने आवाजाची परवानगी मागायची आणि दुसऱ्याला गरज पडली की सोडायची. फोन आला की गाणं थांबतं, नकाशाने ‘डावीकडे वळा’ म्हटलं की गाणं तेवढ्यापुरतं हळू होतं. लोकलच्या गर्दीत हेडफोनची वायर निघाली तर गाणं डब्यातल्या सगळ्यांना ऐकू न जाता थांबतं, कारण ‘आता गोंगाट होणार’ अशी सूचना प्रणाली ॲपला आधी देते. ती ऐकून थांबायचं काम मात्र ॲप लिहिणाऱ्याचं. सगळे करतातच असं नाही.

असो. तुम्ही आवाजाशी संबंधित काही लिहीत असाल तर एवढंच करा. ‘थांब’चा अर्थ तीनपैकी कोणता ते आधी ठरवा. टाकी किती सेकंदांची आहे त्याचा गुणाकार कागदावर करून बघा. आणि वाजवण्याचा कोड लिहायच्या आधी थांबवण्याचा लिहा, मग डोळे मिटून, फक्त कीबोर्डवर, तो चालतो का ते तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.